मुख्याध्यापक आणि शिपाई : साम्य व भेद

नववी अ च्या अठ्ठेचाळीस वह्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर पोचल्या आहेत, हे कळलं तेव्हा उत्तरेश्वर सरांच्या तोंडात चहाचा घोट होता. तो तिथेच थांबला.

"कुणी सांगितलं न्यायला?"

"हेडसरांनीच," मॉनिटर रुपाली म्हणाली. "आणि सर, सगळ्यांचा निबंध सेम आहे. तुम्ही काल बोर्डवर लिहिला होतात ना, तोच."

कर्वेनगरातल्या या शाळेत निम्म्या मुलांचे आईबाप हिंजवडीच्या कंपन्यांत. मुलांना विचार करायला शिकवा, असा त्यांचा धोशा, म्हणून यंदा तुलनात्मक निबंध आला. दोन गोष्टी घ्या, आधी साम्य लिहा, मग भेद, असं सरांनी घसा फोडून सांगितलं. मुलं ढिम्म. "सर, एक्झाम्पल द्या ना!" नेमके तेव्हाच व्हरांड्यातून मुख्याध्यापक हिंदुराव सर आणि मागून शिपाई पोपट चालले होते. उत्तरेश्वर सरांना सुरसुरी आली आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं. 'साम्य : दोघेही घंटेआधी येतात. दोघांकडेही किल्ल्या असतात. दोघेही शिकवत नाहीत. भेद : कुठली वस्तू कुठे आहे, हे पोपटला ठाऊक असते.' वर्ग हसून लोळला. सरांनी फळा पुसला आणि स्वतःचा निबंध लिहायला सांगितलं. पण पहिलीपासून गाइडमधले निबंध पाठ करत आलेली मुलं ती! मास्तरांनी लिहिलेलं सोडून स्वतःचं लिहिण्याचा आगाऊपणा कोण करणार?

आणि आजच चार वाजता संस्थेची बैठक होती. तीन वर्षं हंगामी राबलेल्या सरांना कायम करायचं की नाही, ते तिथे हिंदुराव सर सांगणार होते. सासरेबुवांना तर 'कायम झालो' असं सर लग्नाआधीच सांगून बसले होते.

ते धावतच केबिनमध्ये शिरले. "सर, वह्यांना कव्हरं घालायची राहिलीत. घेऊन जातो."

"मी कव्हरं तपासत नाही," हिंदुराव सर मान वर न करता म्हणाले.

"निबंध जरा कच्चे आहेत, सर."

"म्हणूनच बघायचेत. शिक्षक किती पक्का आहे ते कळतं."

"मुलांचं अक्षर..."

"तुम्हाला तास नाही का?"

तास होता. सर काय शिकवत होते ते त्यांनाच कळत नव्हतं. मध्येच राजनंदिनीने हात वर केला.

"सर, परीक्षेत हाच निबंध लिहिला तर चालेल ना? पाठ झालाय. आईलापण म्हणून दाखवला."



साडेतीनला बोलावणं आलं. "वह्या वाचल्या," हिंदुराव सर म्हणाले. "एकूण एक. अथपासून इतिपर्यंत."

उत्तरेश्वर सरांनी डोळे मिटले.

"अठ्ठेचाळीस मुलं, अठ्ठेचाळीस वेगळे विचार! एकाचं दुसऱ्यासारखं नाही. तुम्हाला कायम करा, असंच सांगतो संस्थेला."

सर बाहेर आले ते तरंगतच. व्हरांड्यात पोपट वह्यांचा गठ्ठा घेऊन उभा होता. प्रत्येक वहीवर 'तपासले. उत्तम.' असा जांभळा शिक्का होता आणि पोपटची बोटंही जांभळी होती.

"पोपट, हे शिक्के तू मारलेस?"

"धा वर्सं मीच मारतोय. सायबांना कुठं येळ हाय?"

"मग... तू वाचलंस?"

"अठ्ठेचाळीस येळा." पोपटने सगळ्यात वरची वही सरांपुढे धरली. "ब्येस लिवलंय. पन एक भेद ऱ्हायला की. वह्या कोन तपासतं, त्यो. म्होरल्या वर्साला घाला."

"घालतो, सर," उत्तरेश्वर सर म्हणाले.