थोरला चंद्र

लॅपटॉपवर रूपालीचा ग्रह सकाळपासून पुन्हा पुन्हा मोडत होता. उंद्रीच्या शाळेत विज्ञान शिकवणारी ही सून एका मासिकासाठी कथा लिहीत होती आणि कथेतला ग्रह खऱ्या विज्ञानात बसलाच पाहिजे, असा तिचा हट्ट होता. समुद्र जमला, हवा जमली. दोन चंद्र काही जमेनात. शेवटी पोळ्या करता करता तिने मैत्रिणीला, अर्पिताला, फोन लावला.

"अर्पिता, थोरल्याले दूरच ठेवा लागते वं! तो जवळ आला का धाकटा डगमगते, अन् मंग त्याचे तुकडेच होतात."

मेथी निवडणाऱ्या सासूबाईंचे, कौशल्याबाईंचे, हात थांबले. त्यांना दोनच मुलं. थोरला हरिओम जानेफळला बँकेत. धाकटा राम, रूपालीचा नवरा, घरची शेती पाहणारा. आणि हरिओम आज जेवायला येणार होता.

"थोरल्याले हाकलूनच देलं तं?" रूपाली फोनवर विचारत होती.

कौशल्याबाई परसात धावल्या. त्यांनी हरिओमला फोन लावला. "तू येऊ नको रे बाप्पा. तू दूरच राह्य. त्यातच सगळ्याइचं बरं हाय." पुढे रडूच आलं.

असं ऐकून कोण घरी बसेल? हरिओमने मोटारसायकल काढली. इकडे कौशल्याबाईंनी रामला वावरातून बोलावून खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी घातली.

"माय, मोटर चालू हाय! पाणी वाहून जाऊन राह्यलं!"

"जाऊ दे. जीव तं राहीन!"

दाराचा दणदणाट ऐकून रूपाली तव्यावरची पोळी तशीच सोडून आली, तेवढ्यात हरिओमही धापा टाकत आत शिरला. कौशल्याबाई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि सुनेने फोनवर काय म्हटलं ते त्यांनी रडत रडत सगळं सांगितलं.

"आई, ते चंद्र हायेत!" रूपाली ओरडली. तिने लॅपटॉपच आणून दाखवला. कडी निघाली. राम हसत सुटला. कौशल्याबाईही डोळे पुसत हसल्या. हरिओम तेवढा हसला नाही.

"म्हंजे माय, तुले कोणीच सांगतलं नाही?"

"काय?"

"माही नागपूरले बदली झाली. आज सांगाचंच होतं. तू 'दूरच राह्य' म्हणली, तं वाटलं तुले समजलं अन् राग आला."

स्वयंपाकघरातून पोळी जळल्याचा वास आला, पण उठलं कोणीच नाही. मग लॅपटॉपवरच्या थोरल्या चंद्राकडे बोट दाखवत कौशल्याबाई सुनेकडे वळल्या. "तू काऊन दूर ठेवलं वं त्याले? आण जवळ!"

रूपालीने समजावून पाहिलं. त्या ऐकतील तर शपथ. निमूट बसून ती आकडे बदलत राहिली, सासूबाई खांद्यावरून पाहत राहिल्या. अखेर जमलं.

"हे पाहा, आई. दोघं एकाच वाटेनं फिरतात. थोरला पुढं, धाकटा मागं. कोणी कोणाले धक्का देत नाही."

"भेटतात का पण?"

"नाही."

"सणालेबी नाही?"

रूपालीने तोंड उघडलं, पण हरिओमच आधी बोलला, "सणाले येतात, माय."

हे विज्ञानात कुठेच बसत नव्हतं. रूपालीने मान डोलावली आणि लॅपटॉप बंद केला.