सहावीच्या वर्गात घुसलेला फरशीवाला

आमच्या शाळेत ऑनलाइन वर्गाच्या सुरक्षेचा विषय निघाला की सगळ्यांच्या आधी माझं नाव पुढे येतं. म्हणजे मीच ते पुढे करतो, पण येतं हे खरं! शाळेच्या इमारतीचं छत दुरुस्तीला काढलं आणि दोन महिने सगळे वर्ग मोबाइलवर आले. तेव्हा बाकीचे शिक्षक नुसतं "आवाज येतोय का, आवाज येतोय का" करत बसले होते. मी मात्र पहिल्याच आठवड्यात नऊ नियम काढले. लिंक कुणाला द्यायची नाही. आधी वेटिंग रूममध्ये थांबायचं. नावापुढे हजेरी क्रमांक नसेल तर आत घ्यायचं नाही, मग तो कुणीही असो. रोज नवा पासवर्ड. आणि नुसता चेहरा ओळखीचा वाटला म्हणून विश्वास ठेवायचा नाही. माझ्या सहावीच्या पोरांना हे सगळं पाढ्यांसारखं पाठ होतं. पाढे पाठ नव्हते, ते सोडा.

अशात मुख्याध्यापिका मॅडमनी जाहीर केलं की शाळेला एक 'ऑनलाइन सुरक्षा प्रमुख' नेमायचा आहे. उमेदवार दोन, मी आणि चित्रकलेच्या बाई. मॅडम दोघांच्याही वर्गात येऊन बसणार आणि मग ठरवणार. पद मलाच मिळणार हे मी घरी, सासरी आणि इस्त्रीवाल्याला आधीच सांगून टाकलं होतं. त्यामुळे आता हरून चालणार नव्हतं.

पण अडचण अशी की माझा वर्ग इतका सुरक्षित होता की त्यात कधी काही घडायचंच नाही. चोर आलाच नाही तर पहारेकऱ्याची हुशारी दिसणार कशी? मग मी ठरवलं की चोर आपणच आणायचा.

माझा मेहुणा फरशी बसवण्याची कामं घेतो. दोन गल्ल्या सोडून एका नव्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर त्याचं काम चालू होतं. त्याला मी सोमवारी बाजूला घेतलं.

"दाजी, म्हणजे मी नक्की करायचं काय?"

"उद्या सव्वादहाला लिंक दाबायची. नाव टाकायचं, 'चव्वेचाळीस, नवीन विद्यार्थी'. मी चुकून घेतल्यासारखं तुला आत घेईन. तू जरा गोंधळ घाल. मी म्हणेन, कोण आहे हा, आणि दहा सेकंदांत तुला बाहेर काढेन."

"गोंधळ कसला घालू?"

"फरशी कापायचं मशीन चालू कर."

"आणि तुम्हाला नाही जमलं तर?"

हा प्रश्न मला जरा झोंबला. "मला नाही जमलं तर लाल अक्षरात 'लीव्ह', म्हणजे बाहेर पडा, असं बटण असतं, ते दाब. आणि हे तुझ्या ताईला सांगू नकोस."

त्यानं ताईला त्याच संध्याकाळी सांगितलं, हे मला फार उशिरा कळलं.

मंगळवारी मॅडम दहाच्या ठोक्याला वर्गात हजर. त्रेचाळीस पोरं हजर. विषय क्षेत्रफळ, जो मी तीन आठवडे शिकवत होतो आणि पोरं तीन आठवडे "लांबी गुणिले रुंदी" असं एका सुरात म्हणत होती. त्यापलीकडे गाडी सरकत नव्हती. पण आज क्षेत्रफळाकडे माझं लक्षच नव्हतं. सव्वादहाला 'चव्वेचाळीस' आला. मी त्याला आत घेतलं. आणि मशीनचा असा काही कर्कश आवाज सुरू झाला की मॅडमनी कानावर हात ठेवले.

"मुलांनो, घाबरू नका," मी शांतपणे म्हणालो. हे वाक्य मी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं. "वर्गात अनोळखी व्यक्ती शिरली आहे. आता बघा."

मी त्याच्या नावापुढचे तीन ठिपके दाबले, यादी उघडली, आणि न बघता बटण हाणलं. मोबाइलनं विचारलं, नक्की? नक्की म्हणजे काय, शंभर वेळा नक्की! 'हो' दाबलं.

आता त्या यादीत 'रिमूव्ह'च्या बरोबर वर 'मेक होस्ट' असतं. म्हणजे त्या माणसाला वर्गाचा मालक करून टाका. हे तिथं ठेवणाऱ्याला मी आजवर क्षमा केलेली नाही.

मशीन थांबलं. मेहुण्यानं पडद्यात डोकं घातलं. "दाजी, मी अजून आतच आहे."

मॅडमची एक भुवई वर गेली. मॅडमच्या शेजारी चित्रकलेच्या बाईसुद्धा येऊन बसल्या होत्या, हे मला त्याच क्षणी दिसलं, कारण त्या हसत होत्या.

"तुम्हाला जमत नाहीये वाटतं," मेहुणा अगदी आपुलकीनं म्हणाला. "थांबा, मीच पडतो बाहेर. ते लाल अक्षरातलं ना?"

मी "नको" म्हणेपर्यंत त्यानं ते दाबलं. पण वर्गाचा मालक आता तो होता, मोबाइलवर समोर दिसत होतो मी, आणि लाल बटण होतं माझ्या नावापुढचं 'रिमूव्ह'. माझा पडदा पांढरा झाला आणि त्यावर अक्षरं आली, 'होस्टने तुम्हाला मीटिंगमधून काढले आहे.'

काढलेल्या माणसाला पुन्हा आत येता येत नाही, ही सोय मीच चालू करून ठेवली होती. शिलाईच्या मशीनवर बसलेल्या बायकोकडे मी धावलो आणि तिचा फोन मागितला.

"काढलं का तुम्हाला?" तिनं सुईवरून नजर न उचलता विचारलं.

"तुला कसं माहीत?"

"तो कालच सांगत होता. मी म्हटलं, दाजी सांगतात तसं कर, त्यांना अक्कल यायला वेळ लागतो."

बायकोच्या फोनवर नाव होतं 'ताई लेडीज टेलर' आणि फोटो होता हातशिलाई केलेल्या फ्रॉकचा. ते बदलायला वेळ नव्हता. मी तसाच लिंक दाबून वेटिंग रूममध्ये जाऊन उभा राहिलो. पाच मिनिटं गेली. सात गेली. कुणी आत घेईना. मेहुण्याला फोन लावला तर तो उचलेना, कारण त्याच फोनवर तर माझा वर्ग चालू होता. शेवटी मॅडमना लावला.

"मॅडम, मी बोलतोय, मला आत..."

"सर, हळू," मॅडम कुजबुजल्या. "मुलांनी काम दाखवा म्हटलं, तर ते आत्ता बाथरूमचा कोपरा मोजतायत." आणि फोन ठेवला.

माझा वर्ग कुणाच्या तरी बाथरूममध्ये होता! मी चपला अडकवल्या आणि पळालो. लिफ्ट अजून बसलेली नव्हती. तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा मला धाप लागली होती.

मेहुण्यानं फोन बादलीला टेकवून ठेवला होता. स्वतः उकिडवा बसून टेपनं जमीन मोजत होता. "ही बाजू सहा फूट. ही पाच फूट. माझी फरशी एक फुटाची. आता मला सांगा, दुकानातून किती आणू? कमी पडल्या तर मला तीन मजले उतरावे लागतील हां."

"तीस!" बेचाळीस पोरं एकदम ओरडली.

मग एक बारीक आवाज आला. "काका, कोपऱ्यात खांब आहे ना. दोन फूट लांब आणि एक फूट रुंद. त्याच्याखाली फरशी कशाला?"

ती शेवटच्या हजेरी क्रमांकाची मुलगी होती. वर्ग सुरू झाल्यापासून तिनं एकदाही माइक उघडला नव्हता. मला वाटायचं, तिच्याकडे माइकच नाही.

"शाबास. मग किती?"

"अठ्ठावीस. आणि दोन जास्त आणा, फुटतात ना."

खरं सांगतो, मला इतका आनंद झाला की मी तिथंच सिमेंटच्या गोणीवर बसलो. आणि त्याच वेळी माझ्या पोटातही दुखलं. तीन आठवडे मी ज्यासाठी घसा कोरडा केला, ते यानं एका खांबावर करून दाखवलं होतं.

"हे बघा, तुमचे सर आले," मेहुण्यानं फोन माझ्याकडे वळवला.

मी केस सारखे करून हसलो. तेवढ्यात वर्गाची मॉनिटर म्हणाली, "काका, त्यांना आजचा पासवर्ड विचारा."

"अगं, मी आहे. तुझे सर."

"चेहरा ओळखीचा वाटला म्हणून विश्वास ठेवायचा नाही, सर. तुम्हीच सांगितलंय. मघाशी पण एक टेलर येत होत्या, काका घेणार होते, मीच म्हटलं घेऊ नका. हजेरी क्रमांक नव्हता."

पासवर्ड घरी टेबलावरच्या चिठ्ठीवर होता. मला आठवेना. वर्ग सुटेपर्यंत मी गोणीवर बसून राहिलो आणि मेहुण्याला टेपचं टोक धरून दिलं.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. मी बोलणी खायची तयारी ठेवूनच तो उचलला.

"सर, नाटक तुमचं होतं हे मला 'दाजी' ऐकल्याबरोबर कळलं. तुमच्या मेहुण्यांनी बाकीचंही सांगितलं, न विचारता."

"चुकलं, मॅडम."

"चुकलंच. पण तुमची मुलं खुद्द तुम्हालाही आत घेत नाहीत, एवढी सुरक्षा मी कुठं पाहिलेली नाही. चित्रकलेच्या बाईंच्या वर्गात मी कोण आहे हेसुद्धा कुणी विचारलं नाही. सुरक्षा प्रमुख तुम्हीच."

माझी छाती फुगली. बायकोकडे मी विजयी नजरेनं पाहिलं.

"आणि गुरुवारी घनफळ आहे ना?" मॅडम पुढे म्हणाल्या. "मेहुण्यांना विचारा, कुठं पाण्याच्या टाकीचं काम चालू आहे का. त्यांची रीतसर परवानगी मी काढते."

"घनफळ मी घेणार होतो, मॅडम."

"तुम्ही दारावर असाल ना सर. प्रमुख आहात."

तेव्हापासून दर गुरुवारी मेहुणा शिकवतो आणि मी वेटिंग रूमच्या दारावर बसून क्रमांक बघून एकेकाला आत घेतो. परवा त्याला पाच मिनिटं उशीर झाला आणि नावापुढे क्रमांकही नव्हता. नियम म्हणजे नियम, मी त्याला बाहेरच ठेवलं, आणि म्हटलं, तोवर आपणच घनफळाला सुरुवात करावी. घसा खाकरला आणि खडू उचलला, तोच मॉनिटरचा मेसेज आला.

'सर, काकांना लवकर आत घ्या. नाहीतर तुम्ही शिकवायला लागाल.'

मी घेतलं आत.