आखाजीचं पुटीन

आमचे शेजारी नारखेडे काका पोळीसुद्धा उजेडाला धरून बघतात. कागदाच्या कारखान्यात माल तपासण्यात त्यांची सारी नोकरी सरली. रिटायर होऊन बुऱ्हाणपुरात आले, पण डोळे तिकडेच राहिले. धोतर असो, मुलासाठी सांगून आलेल्या मुलीचा फोटो असो, खिडकीपाशी नेणार, एक डोळा मिटणार आणि म्हणणार, "माल रिजेक्ट."

आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेला पहिला माणूस मी. डिग्री हाती आली तेव्हा वडिलांनी पॉवरलूम बंद ठेवून पेढे वाटले. काकांनी डिग्री खिडकीत धरली आणि म्हणाले, "कागद हलका लावला रे तुझ्या युनिव्हर्सिटीने." पुढे कितीतरी दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

विलास त्यांचा एकुलता मुलगा, कॅनडात नोकरीला. मागच्या खेपेला आला तेव्हा तिकडचं पुटीन खाऊ घालतो म्हणून स्वयंपाकघरात शिरला. बटाट्याचे लांब तुकडे तळायचे, वर चीजचे गोळे, त्यावर गरम तपकिरी रस्सा. कुरकुरीत तळलेल्यावर रस्सा ओतताना बघून काकांनी ताट परत सरकवलं. "भिजवायचंच होतं तर तळलं कशाला? रिजेक्ट." काकूंचा उपास होता. खाल्लं ते मी एकट्याने. विलास हसला आणि बापाचं ताट उचलून आत गेला.

गेल्या हिवाळ्यात तिकडे बर्फावर त्याची गाडी घसरली. विलास गेला.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसासाठी निखाऱ्यावर घास ठेवतात. त्याला आगारी म्हणतात. काकूंनी पुरणपोळी आणि आमरस ठरवला. काका म्हणाले, त्याला आवडायचं ते पुटीन पाहिजे. ते कसं लागतं हे गल्लीत फक्त मला ठाऊक. मग रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून हाक यायची, "गजू, चेक करायला ये ना जरा."

पहिल्या दिवशी वर चक्क शेवभाजीचा रस्सा होता. काळ्या मसाल्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर काकांना वाटलं, जमलं. मग डाळीचं पाणी झालं, कांदा जाळून मैदा भाजून झाला. चीजऐवजी पनीर इतवारा बाजारातून आणलं. चीज दाताखाली चूंचूं वाजायला हवं, असं विलास म्हणाला होता. म्हणून मी चावत बसायचो आणि काका माझ्या गालाला कान लावून ऐकायचे. काकू दारातून म्हणाल्या, "त्या पोराचा गाल सोडा आता. डॉक्टर हाय का तुम्ही?" कान न काढता काका म्हणाले, "नही वाजत."

मी तोंडावर बोलणारा माणूस. तसं लागत नाही, असं रोज सांगायचो. काका कढई घासायला घ्यायचे. स्वतः कधी चाखायचे नाहीत. आधी विलासला, मग आपण, असं त्यांनी ठरवलं होतं.

आखाजीच्या दुपारी गोवऱ्यांचे निखारे फुलले. काकांनी तूप सोडलं, पुरणपोळीचा घास ठेवला, धूर छान वर गेला. मग त्यांनी पुटीनचा घास ठेवला, आणि पोराला कमी पडू नये म्हणून वाटीभर रस्सा त्यावर ओतला. चर्र झालं. निखारे विझले.

आगारी विझली की घास घ्यायला आलेला माणूस उपाशी परत जातो, असं आमच्या बाया मानतात. काकूंनी तोंडाला पदर लावला. काका वाकून फुंकत राहिले. राख त्यांच्या भुवयांवर, मिशांवर, ताटात उडत होती. ओल्या गोवरीतून काही निघेना.

मी दंडाला धरून त्यांना मागे ओढलं. ते तिथेच फरशीवर बसले, ताट पुढ्यात घेतलं आणि उरलेलं खायला लागले. राख पडलेलं, गार, गिचका झालेलं. सगळं खाल्लं.

"गजू," ते म्हणाले, "त्याचं असंच लागत होतं का रे?"

नव्हतं लागत. मी हो म्हणालो.

काकांनी रिकाम्या ताटावरून बोट फिरवलं.

"मंग चांगलं करत होता पोरगा," ते म्हणाले.