गुप्तेकाकांचं प्रामाणिक मत

गुप्तेकाका पाण्याचासुद्धा वास घेतात.

थट्टा नाही करत. आमच्या वर्तकनगरच्या बिल्डिंगमध्ये सत्यनारायण असो, बारसं असो नाहीतर कुणाचं तेरावं असो, काकांच्या हातात स्टीलचा ग्लास आला की ते तो बुडाशी धरतात, गोल गोल फिरवतात, नाक आत घालतात आणि डोळे मिटतात. मग एक घोट. तोही लगेच गिळत नाहीत, या गालातून त्या गालात नेतात. तोपर्यंत आजूबाजूची माणसं हातातली बुंदी हातात धरून थांबलेली. मग काका डोळे उघडतात आणि गंभीरपणे म्हणतात, "टाकी धुतलेली दिसत नाही."

आणि टाकी खरंच धुतलेली नसते. सेक्रेटरी काकांना बघून जिना बदलतो तो यामुळेच.

ही सवय त्यांना लागली क्रूझवर. वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून रिटायर झाल्यावर लोक अष्टविनायक करतात, मुलीकडे अमेरिकेला जातात. काका आणि नलूकाकू दर थंडीत क्रूझला जायचे. मी एकदा चुकून म्हणालेलो, "काय काका, यंदा बोट कुठे?" तर त्यांनी मला जिन्यातच उभं केलं. "मंगेश, बोट भाऊच्या धक्क्यावर मिळते. हे जहाज आहे. जहाजावर सात कोर्सचं जेवण असतं. बोटीवर उलटी होते."

परत आल्यावर महिनाभर बिल्डिंगला त्या जेवणाचा रिपोर्ट. सुरुवात ठरलेली: "माझं प्रामाणिक मत सांगू?" समोरचा हो म्हणेपर्यंत काका सूपपर्यंत पोचलेले असायचे. "सूपला दहापैकी सहा. गरम होतं, पण मनापासून गरम नव्हतं." बुफेचा त्यांना भयंकर राग. "बुफे म्हणजे माणसाने स्वतःच्या ताटाची चारचौघांत केलेली बेइज्जती. नूडल्सच्या डोक्यावर गुलाबजाम! मी माझ्या डोळ्यांनी पाहिला." जेवण बसूनच करायचं, टेबल खिडकीचं, वेटरला नावाने हाक मारायची, आणि वाईनला घाई करायची नाही.

वाईनचं तर विचारूच नका. काका ग्लासात नाक घालून सांगायचे, "ओलं लाकूड. थोडा मध." नलूकाकू पीत नसत, पण वास घ्यायच्या. "मला तर आवळ्याच्या सरबताचा येतोय," म्हणायच्या. वेटर म्हणे दर वेळी काकूंच्याच म्हणण्याला मान डोलवायचा. हे काका स्वतःच सांगायचे, आणि सांगताना काकूंकडे असं बघायचे की जणू त्या द्राक्षबागेतच जन्मलेल्या. त्या जन्मलेल्या डोंबिवलीला.

त्या क्रूझ कंपनीच्या पायऱ्या होत्या. तुम्ही जितके दिवस जाल तितके पॉईंट, आणि पॉईंटवर तुमची पायरी: सिल्व्हर, गोल्ड, सगळ्यात वर डायमंड. सिल्व्हरला कपडे फुकट धुऊन मिळतात. गोल्डला रांग नाही, शिवाय पिवळी पिन. काका ती पिन शर्टाच्या खिशावर लावून भाजीला जायचे. आणि डायमंडला एक रात्र कॅप्टनच्या टेबलावर जेवण. काकांचं स्वप्न तेवढंच. "एकदा कॅप्टनसमोर बसायचं आणि त्याला त्याच्या सूपबद्दल प्रामाणिक मत द्यायचं." काकू म्हणायच्या, "तो तुम्हाला समुद्रात टाकील."

मग काकांनी बिल्डिंगलाही पायऱ्या लावल्या. ज्या घरचं जेवण जसं, तशी पायरी. तिसऱ्या मजल्यावरच्या साठेबाईंना अळूवडीवर गोल्ड. आमचं घर सिल्व्हर. आई एरवी कुणाला ऐकून घेणारी नाही, पण हे तिने मनाला लावून घेतलेलं. "माझ्या हातचं खाऊन मंग्या एवढा वाढला, आणि मी सिल्व्हर?"

"मंग्याकडे बघूनच दिली असेल," बाबा म्हणाले. त्या रात्री बाबांना दुसऱ्यांदा भाजी मिळाली नाही.

आता माझं सांगतो, कारण पुढे लागणार आहे. मी नकला करतो. मुरबाडच्या शाळेत असताना हेडसरांचा आवाज काढून मी सातवीचा आख्खा वर्ग लवकर घरी सोडलेला. ठाण्याला आल्यावर काका सापडले, म्हणजे खजिनाच. पण काकांची नक्कल एकट्याची होतच नाही, ती जोडीनेच करावी लागते. कारण काका सुरू करायचे आणि काकू बंद करायच्या. "माझं प्रामाणिक मत सांगू?" म्हणून काका निघाले की सूप, मासा, मग मिठाईपर्यंत गाडी सुसाट. मग एका ठिकाणी ते श्वास घ्यायला थांबायचे, मान जराशी डावीकडे. डावीकडे काकू. त्या हळूच म्हणायच्या, "बरं, पुरे. घास घ्या." काका लगेच गप्प. घास घ्यायचे. घर कुणाचंही असो, हे असंच.

गणपतीत मी स्टेजवर दोघांना केलं. लोक खुर्चीवरून पडायचे बाकी होते. काका हसत होते, काकूंनी नंतर मला गाठलं. "माझा आवाज एवढा नाकात आहे का रे?"

"आहे काकू."

"मेल्या," म्हणाल्या आणि हातात मोदक ठेवला.

त्याच वर्षी, दिवाळीनंतर, नलूकाकू गेल्या. फार आजारी वगैरे नव्हत्या. दुपारी झोपल्या त्या उठल्याच नाहीत.

तेराव्याला काकांनी पाण्याचा ग्लास घेतला तेव्हा सगळ्यांचं लक्ष होतं. त्यांनी तो फिरवला नाही. नुसता प्यायले.

नंतर ते बोलायला लागले, आणि आम्हाला वाटलं चला, सावरले. पण आता ते थांबत नसत. लिफ्टपाशी धरायचे, गेटपाशी धरायचे, पाच वर्षांपूर्वीच्या माशापासून सुरू. श्वास घ्यायला थांबायचे, मान डावीकडे जायची, आणि मग जिथून थांबले तिथूनच पुढे. लोकांनी जिने बदलले. मीपण एक-दोनदा फोन कानाला लावून सटकलोय.

आईला दुसरंच दिसलं. पोळी-भाजी केंद्रातून काकांचा डबा यायचा आणि संध्याकाळी दाराबाहेर परत जायला ठेवलेला असायचा. आईने एकदा तो उचलून बघितला. "अरे, भरलेलाच आहे रे!" मग रोजच बघायला लागली. शर्ट सैल झालेले, पिनच्या वजनाने खिसा खाली लोंबायचा. आई काही ना काही करून पाठवायची, काका दारात उभं राहून वाटीच्या वासावर पाच मिनिटं बोलायचे, आणि दुसऱ्या दिवशी वाटी परत. आतलं तसंच.

आणि अशात काका म्हणाले, "यंदा क्रूझला जातोय."

"एकटे?" आई म्हणाली.

"जहाजावर दोन हजार माणसं असतात, वहिनी."

आई म्हणाली, जाऊ दे, तिथे तरी खातील.

परत आले ते अजून बारीक होऊन. खिशावर पिवळ्याच्या जागी पांढरी चकचकीत पिन. आमच्या दारात बॅग घेऊनच उभे, स्वतःच्या घरी न जाता. हातात ओला नॅपकिन, गाठ मारलेला.

त्या नॅपकिनचं सांगायला हवं. नलूकाकू दर क्रूझला कोरडे वाल घेऊन जायच्या. शेवटच्या दोन दिवसांत ते केबिनमध्येच भिजवायच्या, मग नॅपकिनात बांधून बाथरूमच्या नळाला टांगायच्या. म्हणजे वर्तकनगरला पोचेपर्यंत मोड येतात आणि त्याच रात्री घरी बिरडं. सात कोर्सचं जेवण कितीही झालं तरी परत आल्याच्या रात्री बिरडंच. एकदा केबिन साफ करणाऱ्या पोराने ती टपकणारी पुरचुंडी बघून साहेबाला बोलावलेलं. काकूंनी साहेबाला मोड दाखवले आणि मराठीत सांगितलं, "मेले नाहीत, वाढतायत."

काकांनी नॅपकिन आईसमोर धरला. "भिजवले मीच. पण बहुतेक लवकर भिजवले. ती कधी भिजवायची ते मी कधी बघितलंच नाही."

आईने गाठ सोडली. मोड हे एवढे लांब, एकमेकांत गुंतलेले, काहींना हिरवी पानं फुटायच्या बेतात. दुसरी कुणी असती तर टाकून दिले असते. आई म्हणाली, "छान आलेत. संध्याकाळी जेवायला या भावोजी. हेच करते."

दुपारभर आम्ही दोघं कोमट पाण्यात वाल सोलत बसलेलो. बिरडं सोलायला आईला नलूकाकूंनीच शिकवलेलं: वाल चिमटीत धरायचा, दाबायचा, सालातून दाणा आपोआप बाहेर उडी मारतो. मी म्हटलं, "आई, यावर गोल्ड मिळणार नाही. कडू लागणार हे."

"गप सोल," ती म्हणाली. "चार घास पोटात गेले त्यांच्या तरी पुष्कळ झालं."

काका वेळेवर आले, इस्त्रीचा शर्ट, पांढरी पिन. आईने ताट वाढलं. भात, बिरडं, सोलकढी. बाबांनी मुद्दाम काकांच्या डावीकडची खुर्ची रिकामी ठेवली की तशीच राहिली, माहीत नाही. काकांनी सोलकढीचा ग्लास उचलला, बुडाशी धरला, फिरवला. आईने माझ्याकडे बघितलं. इतक्या महिन्यांनी फिरवला होता.

"माझं प्रामाणिक मत सांगू?"

"सांगा ना," बाबा म्हणाले.

"डायमंड कसा मिळाला ते तुम्ही विचारलं नाहीत." काकांनी पिनवर बोट ठेवलं. "दोघं गेलो असतो तर यानंतर अजून एक सफर लागली असती. पण केबिन असते दोघांची. एकट्याने घेतली तरी भाडं दोघांचं घेतात, म्हणून पॉईंटही दुप्पट देतात, सगळे एकाच नावावर. रिकाम्या बिछान्याचे पॉईंट, वहिनी. नलू असती तर मी अजून गोल्डच असतो."

भातातून वाफ येत होती.

"आणि बसलो हं कॅप्टनच्या टेबलावर. भला माणूस. त्याने विचारलं, जेवण कसं आहे आमचं? मी म्हटलं, माझं प्रामाणिक मत सांगू? आणि सुरू केलं. सूप, मग मासा, मागच्या वर्षीचा मासा, त्याच्या मागच्या वर्षीचा... तो मान डोलवतोय. त्याची बायको मान डोलवतेय. मोठी माणसं, शिष्टाचार पाळणारी. मी एकदा थांबलो. कोणी काही म्हणालं नाही. परत सुरू केलं. परत थांबलो. कोणीच काही म्हणेना. मग मला कळेचना बंद कसं करायचं ते. त्यांचं सूप गार झालं. माझंही झालं. वेटरने माझी प्लेट भरलेली उचलून नेली. सगळ्या प्लेटी तशाच गेल्या. रोजच्याच जायच्या म्हणा. पण मासा चांगला होता हं, वहिनी. वासावरून सांगतो. त्यात त्यांनी लिंबू जरा उशिरा पिळलेलं, आता लिंबाचं असं असतं की..."

आणि गाडी निघाली. लिंबावरून लोण्यावर, लोण्यावरून पावावर. भाताची वाफ थांबली. बिरड्यावर साय धरल्यासारखा नारळाच्या दुधाचा थर आला. आईने दोनदा म्हटलं, "भावोजी, घ्या ना," पण ते यजमानीणबाईंचं म्हणणं, ते काकांना लागत नव्हतं. मग त्यांनी श्वास घेतला. मान डावीकडे गेली.

मी ठरवलं नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं. तो आवाज माझ्या नाकात कुठेतरी पडलेला असतो, तो आला.

"बरं, पुरे. घास घ्या."

आईचा हात डावासकट हवेत थांबला. तिने माझ्याकडे जे बघितलं ना, मुरबाडच्या हेडसरांनीही कधी तसं बघितलेलं नाही. बाबा ताटात बघायला लागले. मला वाटलं आता काका उठणार, आणि उठले तर पुन्हा या घरात कधी येणार नाहीत.

काका रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. माझ्याकडे नाहीच. मग म्हणाले, "मंगेश, माझं प्रामाणिक मत सांगू?"

"सॉरी काका. मी..."

"'पुरे' बरोबर आलं. अगदी तिचं. पण 'घास घ्या'ला तू घाई केलीस. गणपतीतही केलेलीस, तेव्हाच सांगणार होतो." त्यांनी बिरड्याची वाटी भातावर उपडी केली. "ती दोन्ही एका दमात म्हणायची नाही. 'पुरे' म्हणायची, आणि मी भात कालवेपर्यंत थांबायची. मग म्हणायची."

आणि ते भात कालवायला लागले. सावकाश, कडेने, एक-एक शीत बिरड्यात भिजेल असा. कालवून झाला तरी बोटं भातातच ठेवून बसले. मान खाली.

मला कळायला जरा वेळ लागला. आईला आधी कळलं. तिने डाव खाली ठेवला आणि मला नुसती मानेने खूण केली.

"घास घ्या," मी म्हणालो. हळूच, शेवटी आवाज खाली उतरवून.

काकांनी घास घेतला. चावला. गालातून गालात फिरवला नाही, सरळ गिळला. मग दुसरा घेतला.

"कडू झालंय का हो?" आईने विचारलं.

काकांचं तोंड भरलेलं होतं. त्यांनी मत दिलं नाही. वाटी तेवढी पुढे केली.