छत्री संपली

कंपाउंडरकाका निवृत्त झाले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी बदलून आलेल्या सिस्टरबाई औषधांच्या खिडकीत बसल्या. एक ट्रकड्रायव्हर वाकून कुजबुजला, "छत्री."

बाहेर ऊन मी म्हणत होतं. पण खिळ्यावर एक काळी छत्री लटकत होती, मुठीला दोरा गुंडाळलेली. बाईंनी ती काढून दिली. ड्रायव्हरनं छत्रीकडे पाहिलं, मागच्या बाकावरच्या गर्दीकडे पाहिलं आणि ती घेऊन गुमान चालता झाला.

मग एक शिक्षिका आली. "छत्री आहे?"

"संपली."

तिचा चेहरा पडला. "आता?"

"बाजारात ढिगानं मिळतात!"

"बाजारात? उघड्यावर?"

"उघडूनच घ्यायची. काड्या तपासून."

तिसरा म्हणाला, "महिन्याच्या तीस छत्र्या द्या." बाईंनी थेट काकांना फोन लावला आणि ड्रायव्हरपासून सगळं सांगितलं.

"अहो, गोळी ती! एचआयव्ही होऊ नये म्हणून रोज घ्यायची. पावसाआधी उघडायची, म्हणून छत्री. आतल्या कपाटात आहे."

"मग गोळी म्हणायला काय धाड भरली होती?"

"बाकावरचे माना वळवतात ना! काल निरोपाच्या गडबडीत सांगायचं राहिलं. त्या ड्रायव्हरला गाठा, त्याची बायको एचआयव्हीवर उपचार घेतेय. त्याच्या गोळ्या आज संपतात!"

सात वर्षांपूर्वी गोळी दारात आली आणि दवाखान्यानं तिला कुलूप घालून टोपणनाव दिलं. लाज कसली, तर आजार टाळण्याची! तरी ते दिवस आठवले की जुने पेशंट अजून हळवे होतात. काका चष्मा कपाळावर ढकलायचे, जुन्या कॅलेंडरच्या कागदात पुडी बांधायचे आणि डोळा मिचकावून म्हणायचे, "रोज उघडा हं!"

बाईंना हळवं व्हायला वेळ नव्हता. त्यांनी खोक्याचा पुठ्ठा फाडला, ठळक लिहिलं, 'एचआयव्ही टाळायची गोळी इथे मिळते. नाव घेऊन मागा', आणि खिडकीवर ठोकला. ड्रायव्हरचा फोन मात्र लागेना.

दुपारी तो स्वतःच आला. पाटी वाचली, छत्री खिडकीत ठेवली आणि घसा खाकरून म्हणाला, "एचआयव्ही टाळायची गोळी द्या. माझ्यासाठी."

माना वळल्या. परत जागेवर आल्या. आभाळ कोसळलं नाही. सकाळपासून कोपऱ्यात थांबलेली शिक्षिका उठली. "मलाही."

बाई रजिस्टरमध्ये नोंदी करत असताना खिडकीत आणखी कुणी वाकलं. सवयीनं कुजबुजलं, "छत्री."

बाईंनी मान वर न करता ठणकावलं, "मोठ्यानं बोला! लाजायचं नाही. आणि आधी रक्त तपासावं लागेल."

"अहो, मी! माझी छत्री राहिलीय, काळी, मुठीला दोरा असलेली!"

सात वर्षांत पहिल्यांदाच बाकावरच्या सगळ्या माना कंपाउंडरकाकांकडे वळल्या.