खासदारबाईंची ओटी

सार्वजनिक जीवनात स्त्रीचा सन्मान झालाच पाहिजे, आणि तो इतका झाला पाहिजे की तिला दुसरं काही करायला सवड राहू नये. आमच्या सत्कार समितीचं हेच धोरण आहे. (मी समितीचा चिटणीस. पद मानद, चहा समितीचा.)

एकाहत्तर साली विजयमालाबाई दिल्लीला निवडून गेल्या. आमच्याकडच्या या पहिल्याच बाई खासदार, त्यामुळे सत्काराला मागचा दाखला नव्हता. पुरुषाला फेटा बांधतात. फेटा बांधलेला माणूस लगेच बोलायला उभा राहतो, त्याला बसवणं अवघड. बाईची मात्र ओटी भरतात. तिला पाटावर बसवायचं, सुवासिनींनी रांगेनं येऊन पदरात खण, तांदूळ, नारळ घालायचे. रांग संपेपर्यंत उठायचं नाही, अशी रीत. रांग संपते तेव्हा सभाही संपलेली असते. दरम्यान बाईंचे यजमान लालासाहेब त्यांच्या वतीनं चार शब्द बोलतात. त्यांतले तीन उसावर असतात.

दिल्लीत बाई स्वतः बोलतात असं ऐकतो. तिथं ओटी भरणारं कोणी नसावं.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात कोरेगावला मंत्री आले. कालव्याचं पाणी पूर्वेच्या दुष्काळी वस्त्यांना द्यायचं की पश्चिमेच्या उसाला, हे त्यांना ठरवायचं होतं. पूर्वेच्या माण भागातल्या बनाबाईंना विजयमालाबाईंनी शब्द दिला होता, 'वस्तीच्या पाण्याचं मी बोलते.' लालासाहेबांनी त्या दिवशी इस्लामपूरहून दोन ट्रक सुवासिनी मागवल्या. (पत्नीविषयी एवढा आदर आजकाल पाहायला मिळत नाही.)

सोहळा देखणा झाला. बाईंचा पदर भरला, दोन्ही हात त्यात गुंतले. लालासाहेब माईकपाशी गेले. बाई उठू लागल्या तसे ते प्रेमानं म्हणाले, "बसा, बसा. रांग हाय अजून."

बनाबाई मंडपाच्या कडेला उभ्या होत्या. मेंढरामागं हिंडलेली बाई, त्यात विधवा, म्हणून त्यांना रांगेत घेतलं नव्हतं. तेवढ्यामुळे त्यांचे हात रिकामे राहिले. ही समितीची एकमेव चूक. त्या सरळ पाटापुढं आल्या आणि त्यांनी आपला पदर पसरला.

"आवं बाईसाब, ह्ये वझं टाका हिकडं. आन् तुमी पान्याचं बोला."

बाईंनी सगळी ओटी त्यांच्या पदरात रिकामी केली, उठल्या, लालासाहेबांच्या हातातून माईक घेतला आणि बोलल्या. मला वाटतं, चांगलं बोलल्या. मंत्र्यांनी दोनदा घाम पुसला.

पण विधवेच्या पदरात ओटी गेली होती! जिल्ह्यात दुसरा विषय उरला नाही. समितीनं निषेधाचा ठराव केला. साताऱ्याच्या गुरुजींचं मत पडलं की नारळ विहिरीत सोडावेत. (विहिरींना पाणी नव्हतं, हा मुद्दा गौण ठरला.) सांगलीच्या गुरुजींनी दोष नारळाला नसून खणाला आहे असं सांगितलं, तेव्हापासून दोन्हीकडच्या समित्यांचं बोलणं बंद आहे.

परवा बनाबाई आमच्या बैठकीत आल्या. आम्ही सगळ्यांनी एका आवाजात विचारलं, "नारळांचं काय केलंत?"

"खाल्लं," त्या म्हणाल्या. "बाई बोलल्या त्येचं काय झालं, ते सांगा."

कोणाला सांगता येईना. वाचकहो, तुम्ही आम्हाला हसू नका. बाई काय बोलल्या हे मी तुम्हालाही अजून सांगितलेलं नाही, आणि नारळांचा निकाल लागेपर्यंत तुम्हीही ते विचारलं नाहीत.