आल्फचा कोट

अकरा वर्षं यादीत नाव ठेवल्यावर एनिड थ्रेलफॉलला नगरपालिकेच्या भाजीमळ्यात कसायला एक तुकडा मिळाला, तोही मेलेल्या माणसाचा. आल्फ ऑर्मरॉड गेल्याला दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून तिकडे कोणी फिरकलं नव्हतं. काटेरी झुडपं छातीपर्यंत चढली होती आणि त्यांच्यात कुठेतरी एक लाकडी खोपटं होतं.

मळ्याचे सेक्रेटरी पायबस यांनी किल्ली देताना बजावलं, "मार्चअखेर पाहणी. पाऊण जमीन लागवडीखाली दिसली नाही, तर तुकडा यादीतल्या पुढच्या माणसाला. नियम म्हणजे नियम, बाई."

एनिड पोस्टातून निवृत्त झालेली आणि तिसऱ्या मजल्यावर राहणारी. खिडकीतली एक कुंडी एवढीच काय ती तिची शेती. वय एकोणसत्तर. पुन्हा अकरा वर्षं थांबणं तिला परवडणारं नव्हतं.

मार्च उजाडला तेव्हा तिची कंबर मोडली होती आणि झुडपं जेमतेम निम्मी निघाली होती. एका धुकट सकाळी पाऊस भुरभुरू लागला, म्हणून तिने खोपट्यातल्या खुंटीवरचा आल्फचा कोट अंगात घातला, त्याची टोपी कानांपर्यंत ओढली आणि खणायला लागली. शेजारच्या तुकड्यातला नॉर्मन स्केफ कुंपणावरून डोकावला. त्याच्या हातातली किटली खाली पडली आणि तो ती न उचलताच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी फाटकाला एक फावडं टेकवलेलं होतं. दांड्यावर आल्फची आद्याक्षरं कोरलेली. तिसऱ्या दिवशी हातगाडी आली. चौथ्या दिवशी मोकळ्या केलेल्या जमिनीत आंबट लाल देठांच्या रूबार्बचे सहा गड्डे लावलेले होते, दोरी धरून लावावेत इतके सरळ. माती अजून ओली होती.

एनिडच्या अंगावर काटा आला. तरी धीर करून ती मोठ्याने म्हणाली, "आल्फ, उपकार झाले हो, पण जरा सांगून येत जा!"

कुंपणापलीकडे काहीतरी धाडकन पडलं आणि कोणीतरी पळालं. एनिडही पळाली, ती थेट बसस्टॉपपर्यंत. पण जेवून परत आली, कारण तिला भुतापेक्षा पाहणीची भीती जास्त होती. पुढे गूजबेरीची झुडपं आली, रास्पबेरीची रांग आली. आत शिरण्याआधी ती खोपट्याचं दार वाजवू लागली.

पाहणीच्या दिवशी पायबस यांनी फीत धरून सगळं मोजलं. "तो कोपरा मोकळा आहे. सहा फूट कमी पडतात."

"अहो, सहा फुटांसाठी?" एनिडचा आवाज चिरकला.

"नियम म्हणजे नियम."

तेवढ्यात नॉर्मन कुंपण ओलांडून आला. "कोपरा मोकळा का, ते आल्फला विचारा, पायबस! बाई, खरं सांगतो. तो गेल्यावर आम्ही सगळ्यांनीच इथलं थोडं थोडं उचललं. उगाच वाया कशाला जायचं? कोणी मेलं की इथे हेच चालतं. पण तो परत आला हो! कोट, टोपी, धुक्यात उभा. मी मुकाट्याने फावडं आणून ठेवलं, मग बाकीच्यांचीही तंतरली."

एनिडला हसू आवरेना. "अहो, ती मी होते! कोट मी घातला होता."

"रोज?"

"रोज कशाला? एकदाच. त्या पावसात."

नॉर्मनचा चेहरा पांढरा पडला. "तो तीन आठवडे रोज सकाळी येतोय, बाई. आजही होता. त्या मोकळ्या कोपऱ्यात."

एनिडने खोपट्याचं दार उघडलं. कोट खुंटीवर होता. आठवडाभर पाऊस नव्हता, तरी बाहीतून पाणी ठिबकत होतं आणि घेराला ताजा चिखल होता.

पायबस यांनी फीत गुंडाळली, ती दोनदा सुटली. "जरा घरी जाऊन येतो," म्हणाले.

तासाभराने ते घोंगडीत बांधलेल्या काचा गाडीवर घालून आले. कोणाच्या नजरेला नजर न देता त्यांनी त्या कोपऱ्यात आल्फचं काचघर उभं केलं, आत कोबीच्या रोपांचे दोन ट्रे मांडले, वहीत 'पास' लिहिलं आणि खोपट्याकडे वळून हळूच विचारलं, "झालं ना आता?"

वारा अजिबात नव्हता. खोपट्याचं दार सावकाश लागलं.

"हो म्हणतायत," एनिड म्हणाली आणि तिघांचे कप भरून झाल्यावर तिने चौथ्या कपातही चहा ओतला.